पैशासाठी गेला म्हणे

१९९६ च्या जुलैत ‘ऑर्लँडो सेंटिनेल’ या वर्तमानपत्राने वाचकांना एक प्रश्न विचारला. शकील ओनील या बास्केटबॉल खेळाडूवर सात वर्षांत साडेअकरा कोटी डॉलर खर्च करावेत, एवढी त्याची लायकी आहे का? ९१ टक्के वाचकांनी ‘नाही’ म्हणून कळवलं. पाठोपाठ, १८ जुलैला, लॉस एंजेलिस लेकर्सने ओनीलशी सात वर्षांचा, १२ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. मग तेच ऑर्लँडो म्हणू लागलं, पैशासाठी गेला.

ऑर्लँडो मॅजिक हा संघ १९८९ मध्ये खेळू लागला. १९९२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला पहिला क्रमांक मिळाला आणि सात फूट उंचीचा हा धिप्पाड पोरगा त्याच्या पदरात पडला. तीन वर्षांत संघ एनबीएच्या अंतिम फेरीत पोचला. डिस्नेलँडच्या भावंडापलीकडे ज्या शहराची ओळख नव्हती, त्याला बास्केटबॉलच्या नकाशावर जागा मिळाली. करार संपल्यावर मालकांनी पहिला देकार दिला तो चार वर्षांच्या ५.४ कोटींचा. त्याच उन्हाळ्यात मायामीने अलोन्झो मोर्निंगला सात वर्षांचे साडेदहा कोटी देऊ केले होते, आणि मोर्निंग ओनीलपेक्षा सरस आहे असं त्याच्या घरचेही म्हणाले नसते. ऑर्लँडोने आकडा नंतर वाढवला, पण घासाघीस झाली ती झालीच. तिकडे लेकर्सच्या जेरी वेस्टने ओनीलसाठी पगाराच्या हिशेबात जागा करायला व्लादे दिवाच या आपल्या प्रस्थापित खेळाडूला शार्लटकडे पाठवलं. त्या बदल्यात एक सतरा वर्षांचा मुलगा घेतला. त्याचं नाव कोबी ब्रायंट. एका उन्हाळ्यात इतका फायदेशीर व्यवहार कुठल्याही संघाने केला असेल, असं मला वाटत नाही.

पत्रकार परिषदेत ओनील म्हणाला की पैसा, पैसा ऐकून आपण कंटाळलो आहोत. आपल्याला फक्त खेळायचंय, पेप्सी प्यायचीय आणि रीबॉक घालायचेत. दोन्ही कंपन्या त्याच्या प्रायोजक होत्या. विनोद म्हणून हे वाक्य अजून टिकून आहे. बचाव म्हणून ते त्या दिवशीही टिकलं नाही.

तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या शहरात हा प्रयोग होतो. पात्रं बदलतात, संवाद तेच राहतात. आपण त्याला घडवलं, डोक्यावर घेतलं, आणि तो दोन पैसे जास्त दिसताच निघाला. गेल्या तीस वर्षांतली मोठी प्रकरणं एकाखाली एक मांडली, तर एक विचित्र गोष्ट दिसते. ज्यांच्यावर चाहते सर्वांत जास्त चिडले, त्यांतले बरेचसे खेळाडू कमी पैसे घेऊन गेले होते.

हे कसं होतं, ते कळायला थोडा नियमांचा इतिहास लागतो. १९७६ पर्यंत एनबीएतला खेळाडू कराराची मुदत संपली तरी त्याच संघाचा राहायचा. संघाने विकलं तर जायचं, नाहीतर खेळ सोडायचा. ऑस्कर रॉबर्टसन १९७० मध्ये खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. त्याने संघटनेतर्फे लीगवर दावा लावला, तो १९७६ मध्ये तडजोडीने मिटला आणि दार किलकिलं झालं. पूर्ण उघडायला आणखी बारा वर्षं गेली. जुलै १९८८ मध्ये टॉम चेंबर्स सिॲटल सोडून फिनिक्सला गेला. कुठल्याही अडकाठीशिवाय संघ बदलणारा तो पहिला फ्री एजंट, म्हणजे करारमुक्त खेळाडू. दरम्यान १९८४-८५ च्या हंगामापासून मालकांनी सॅलरी कॅप आणली होती. एका संघाने वर्षाला पगारावर किती खर्चावा याची ही मर्यादा पहिल्या वर्षी ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती १४ कोटींच्या वर गेली.

पण खरी कळीची गोष्ट १९९९ ची. ओनीलसारखे करार पाहून मालकांना घाम फुटला होता. १९९८-९९ च्या हंगामाची सुरुवात त्यांनी टाळेबंदीत घालवली आणि शेवटी एका खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा घालून घेतली. त्याला बोलीभाषेत ‘मॅक्स’ म्हणतात. वर आणखी एक सवलत ठेवली: खेळाडूचा जुना संघ त्याला इतरांपेक्षा एक वर्ष जास्त आणि दरवर्षी मोठी वाढ देऊ शकतो. म्हणजे अव्वल खेळाडूला सर्वांत जास्त पैसे सहसा घरीच मिळतात. घर सोडलं, तर काही कोटी टेबलावर ठेवून जावं लागतं. नियमच तसा केलाय. आणि तरी ‘पैशासाठी गेला’ हे वाक्य १९९६ मध्ये जितकं सहज यायचं, तितकंच आजही येतं.

लेब्रॉन जेम्सचं उदाहरण इथे सर्वांत बोलकं आहे, कारण त्याने एकच शहर दोनदा सोडलं.

तो क्लीव्हलँडशेजारच्या ॲक्रनचा. २००३ मध्ये त्याच्याच भागातल्या कॅव्हलियर्सने त्याला घेतलं. शहराच्या कोणत्याही मोठ्या संघाने १९६४ नंतर विजेतेपद पाहिलेलं नव्हतं. पोलाद गेलं, कारखाने गेले, माणसं गेली, आणि हा एक पोरगा राहिला होता. त्याचं दहा मजली चित्र शहराच्या मध्यभागी एका इमारतीवर लावलेलं होतं. ८ जुलै २०१० च्या रात्री ईएसपीएन वाहिनीवर एक खास कार्यक्रम झाला आणि त्यात त्याने सांगितलं की आपण मायामीला चाललो आहोत. त्याच रात्री क्लीव्हलँडच्या रस्त्यांवर जर्सी पेटल्या. संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी चाहत्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं. त्यात विश्वासघात, भ्याडपणा वगैरे सगळं होतं, आणि लेब्रॉनच्या आधी आपणच विजेतेपद जिंकू अशी हमीही होती. पत्राचा टंक होता कॉमिक सॅन्स, जो बालवाडीच्या सूचनाफलकाला शोभतो. लीगने गिल्बर्टना एक लाख डॉलर दंड केला. नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन यांनी त्या पत्रावर जाहीर टीका केली: पळून गेलेल्या गुलामाबद्दल मालक बोलतो तसं हे बोलणं आहे. टीका तिखट होती, पण निराधार नव्हती. एनबीएत बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आणि बहुसंख्य मालक गोरे आहेत. ‘आमचा’ हा शब्द अशा ठिकाणी कोण उच्चारतं यावर त्याचा अर्थ ठरतो.

आता पैशाचं बघा. मायामीत लेब्रॉन, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश या तिघांनी एकत्र खेळता यावं म्हणून मॅक्सपेक्षा कमी पगार घेतला. म्हणजे आरोपातला मुख्य मुद्दाच गैरलागू होता. तरीही २ डिसेंबर २०१० ला तो क्लीव्हलँडमध्ये परत खेळायला आला, तेव्हा चेंडू हातात आला की हुर्यो उडत होती. त्याने ३८ गुण केले आणि मायामी २८ गुणांनी जिंकली.

२०१४ मध्ये तो परत आला. २०१६ च्या अंतिम मालिकेत १-३ अशा पिछाडीवरून क्लीव्हलँड जिंकलं. मग २०१८ मध्ये तो पुन्हा गेला, या वेळी लॉस एंजेलिसला, चार वर्षांच्या पंधरा कोटींहून मोठ्या करारावर. या खेपेला दूरदर्शनवर तमाशा नव्हता; एजंटच्या कंपनीने दोन ओळींचं निवेदन काढलं. नोव्हेंबरमध्ये लेकर्सच्या जर्सीत तो क्लीव्हलँडला आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तोच माणूस, तेच शहर, आठ वर्षांचं अंतर. मधल्या काळात शहराची बावन्न वर्षांची उधारी फिटली होती आणि जाण्याची रीत सभ्य होती. टोरांटोत हेच दिसलं. क्वाय लेनर्ड एकच हंगाम तिथे खेळला, २०१९ चं विजेतेपद देऊन गेला, क्लिपर्सच्या छोट्या करारासाठी टोरांटोचे जास्तीचे कोटी नाकारून गेला, आणि डिसेंबरात विजेतेपदाची अंगठी घ्यायला आला तेव्हा त्याचं स्वागतच झालं. उलट व्हिन्स कार्टर. २००४ मध्ये तो टोरांटोहून न्यू जर्सीला ट्रेड झाला, म्हणजे संघानेच त्याची अदलाबदल केली. त्यात करारवाढीचा प्रश्नच नव्हता. पण जाण्याआधी तो अंग राखून खेळला असा लोकांचा समज झाला, आणि पुढची दहा वर्षं तिथे त्याची हुर्यो होत राहिली. २०१४ मध्ये त्याच्यावरची चित्रफीत दाखवली गेली, तो रडला, प्रेक्षक उभे राहिले. २०२४ मध्ये त्याचा १५ क्रमांक टोरांटोने सन्मानाने निवृत्त केला.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं होतं. फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे. बोलण्यात जिंकलो ‘आपण’ आणि हरले ‘ते’ असायचं. दुसऱ्याच्या यशात स्वतःला न्हाऊन घेण्याची ही सवय सगळीकडची. मोठा खेळाडू निघून जातो, तेव्हा चाहत्याच्या स्वतःच्या मालकीचं काहीतरी गेल्यासारखं वाटतं ते यामुळे. पगाराच्या आकड्याला या दुखण्यात फारशी जागा नाही. आकडा फक्त बोलायला सोपा असतो.

मग खरोखर मोठ्या रकमेसाठी जातं कोण? मधल्या फळीतला खेळाडू. ज्याला घरचा संघ मॅक्स देत नाही, त्याच्यासाठी बाहेरचा देकार मोठा असू शकतो. जेलन ब्रन्सन २०१८ च्या ड्राफ्टमध्ये ३३ वा होता. डॅलस मॅव्हरिक्स त्याला चार वर्षांच्या साडेपाच कोटींत बांधून घेऊ शकले असते. त्यांनी वेळेत केलं नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कने चार वर्षांचे १०.४ कोटी दिले आणि तो गेला. रक्कम जवळपास दुप्पट, हेतूबद्दल शंका नको. पण डॅलसचे चाहते ब्रन्सनवर नाही, व्यवस्थापनावर करवादले. दोनच वर्षांनी याच ब्रन्सनने न्यूयॉर्कमध्ये पुढच्या वर्षी मिळू शकणाऱ्या करारापेक्षा अकरा कोटींहून कमी रकमेवर सही केली, संघाला इतर खेळाडू घेता यावेत म्हणून.

याच्या उलट प्रकरण कार्लोस बूझरचं, २००४ चं. क्लीव्हलँडकडे त्याला आणखी एक वर्ष अगदी स्वस्तात ठेवायचा हक्क होता. तो हक्क सोडला, तर बूझर सहा वर्षांच्या सुमारे चार कोटींच्या करारावर सही करील, असं तोंडी ठरल्याचं संघ म्हणत होता. हक्क सोडला, बूझर युटाच्या सुमारे सात कोटींवर गेला. शब्द दिलाच नव्हता असं त्याचं म्हणणं. असे आगाऊ समझोते लीगच्या नियमांत बसतच नाहीत, त्यामुळे संघाला दाद मागायलाही जागा नव्हती. क्लीव्हलँडने त्याला वर्षानुवर्षं माफ केलं नाही. ब्रन्सन आणि बूझर, दोघेही जवळपास दुप्पट पैशासाठी गेले. एकाला माफी, दुसऱ्याला शिव्या. फरक पडला तो शब्द मोडल्याच्या समजाने.

आता ओक्लाहोमा सिटी. ४ जुलै २०१६ ला केव्हिन ड्युरँटने जाहीर केलं की आपण गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे जातोय. काही आठवड्यांपूर्वीच ओक्लाहोमाने याच वॉरियर्सना ३-१ असं कोंडीत पकडलं होतं आणि मालिका घालवली होती. वॉरियर्सनी त्या हंगामात ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. अशा संघात जाऊन मिळणं म्हणजे स्पर्धेतली गंमत काढून घेणं, या टीकेशी मी सहमत आहे. पण करार दोन वर्षांचा, ५.४ कोटींचा होता. ओक्लाहोमा त्याला याहून लांब आणि मोठा देऊ शकत होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो परत आला तेव्हा लोक कपकेकचे पोशाख आणि टी-शर्ट घालून आले होते. कपकेक म्हणजे नाजूक, मऊ, भित्रा. त्याने ३४ गुण केले.

या रागाकडे सिॲटलमधले लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हा विचार मला फार मजेदार वाटतो. कारण ओक्लाहोमाचा संघ मुळात त्यांचा. सुपरसॉनिक्स १९६७ पासून सिॲटलमध्ये खेळत होते, १९७९ चं विजेतेपद त्यांच्या नावावर होतं. २००६ मध्ये स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झ यांनी संघ ३५ कोटी डॉलरना ओक्लाहोमाच्या क्ले बेनेट यांच्या गटाला विकला. नव्या मालकांना नवं क्रीडासंकुल हवं होतं, तेही मुख्यतः जनतेच्या पैशातून. सिॲटल तयार झालं नाही. २००८ मध्ये शहराला साडेचार कोटी डॉलर देऊन भाडेकरार मिटवला आणि संघ उचलून नेला. खेळाडूंमध्ये होता पहिला हंगाम खेळलेला, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला ड्युरँट. ज्या शहराने अख्खा संघ पैशाच्या गणितावर मिळवला, ते शहर आठ वर्षांनी एका खेळाडूला निष्ठेचे धडे देत होतं.

असाच प्रसंग कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोवर येणार होता. तिथला किंग्ज संघ विकून सिॲटलला न्यायचं जवळपास ठरलं होतं. २०१३ मध्ये मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेतला. मालकांच्या मंडळाने स्थलांतर २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळलं. नवं संकुल उभारायला शहराने पाव अब्ज डॉलरहून जास्त घातले. संघ राहिला, पण त्याची किंमत करदात्याने भरली. २०१९ च्या ऑक्टोबरात याच किंग्जनी इंडियाना पेसर्सशी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन सराव सामने खेळले, आणि एनबीएचे सामने पहिल्यांदा भारतात झाले. मालक संघ हलवतो तेव्हा चाहत्याला जाळायला जर्सीसुद्धा सापडत नाही, कारण मालकाच्या नावाची जर्सी कोणी विकत घेत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने हा सगळा हिशेब उलटा करून दाखवला. लुका डॉन्चिच वयाच्या पंचविशीत होता, आदल्याच वर्षी त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं होतं, आणि येत्या उन्हाळ्यात तो पाच वर्षांच्या सुमारे ३४.५ कोटींच्या करारावर सही करू शकणार होता. मध्यरात्री बातमी आली की सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांनी त्याला अँथनी डेव्हिसच्या बदल्यात लेकर्सला देऊन टाकलं आहे. डॉन्चिचला विचारलं नव्हतं. ट्रेड झाल्यामुळे त्या मोठ्या कराराची पात्रताही गेली. चाहत्यांनी मैदानाबाहेर डर्क नोवित्स्कीच्या पुतळ्यापाशी चक्क शवपेटी आणून ठेवली. नोवित्स्की २१ हंगाम डॅलसमध्येच खेळला. २०१४ मध्ये इतर संघांनी मॅक्स देऊ केला असता तीन वर्षांच्या अडीच कोटींवर थांबला. निष्ठा कधी फिकी पडत नाही, अशा अर्थाचं वाक्य त्याच्या पुतळ्याखाली कोरलं आहे. हॅरिसनना हाकला, ही घोषणा महिनोन्‌महिने घुमत राहिली आणि नोव्हेंबरात हॅरिसन गेले. त्याआधी एप्रिलमध्ये डॉन्चिच लेकर्सच्या जर्सीत आला, चित्रफीत पाहताना त्याचे डोळे भरले, आणि त्याने जुन्या संघाविरुद्ध ४५ गुण केले. डॅलसचे प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

महिलांच्या लीगमध्ये प्रश्नच वेगळा होता. डायना टॉराझी २०१४ मध्ये फिनिक्स मर्क्युरीकडून विजेती ठरली. लीगमध्ये तिला वर्षाला सुमारे एक लाख सात हजार डॉलर मिळत. रशियातला येकातेरिनबुर्गचा क्लब सुमारे पंधरा लाख देत होता. त्या क्लबने तिला आणखी पैसे देऊन सांगितलं, २०१५ चा अमेरिकी हंगाम खेळू नकोस, विश्रांती घे. विजेत्या संघाची सर्वांत मोठी खेळाडू न खेळण्याचे पैसे घेऊन घरी बसली! तिने चाहत्यांना पत्र लिहून कळवलं, आणि चर्चा तिच्या निष्ठेपेक्षा लीगच्या पगारांवर जास्त झाली. २०१६ मध्ये ती परत आली आणि कारकीर्द संपेपर्यंत फिनिक्समध्येच राहिली. गरजेसाठी घेतलेला पैसा लोकांना समजतो, असं यावरून म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटू नये. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईचाच कर्णधार हार्दिक पांड्या याची हुर्यो उडवली, इतकी की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना समज द्यावी लागली. गुजरातहून त्याला आणलं आणि रोहित शर्माच्या जागी बसवलं ते संघमालकांनी. शिव्या खाल्ल्या पांड्याने. ४ जुलैला विश्वचषक घेऊन संघ त्याच मैदानावर आला, तेव्हा त्याच्या नावाचा जयघोष झाला.

मला विचाराल तर ओनीलचं जाणं योग्य होतं. ज्या शहराने त्याची किंमत जाहीर मतदानाने नाकारली, त्याला गाऱ्हाणं करायचा हक्क उरला नव्हता. मॅजिकने १३ फेब्रुवारी २०२४ ला त्याचा ३२ क्रमांक निवृत्त केला, संघाच्या इतिहासात असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. ड्युरँटने काही गैर केलं नाही, पण दोन हंगाम कंटाळवाणे करून ठेवले. बूझरबद्दल मी अजून क्लीव्हलँडच्या बाजूने आहे. आणि बेनेट, हॅरिसन यांच्यासारख्यांनी जे केलं, त्याची बरोबरी एकाही खेळाडूच्या जाण्याशी होत नाही.

एनबीएतली करारांची खरेदी-विक्री ३० जूनच्या संध्याकाळी सुरू होते. आपल्याकडे १ जुलैची पहाट असते. सकाळच्या चहाबरोबर आकडे वाचाल, तेव्हा नव्या संघाने काय दिलं ते मथळ्यातच सापडेल. जुना संघ किती द्यायला तयार होता, ते बातमीच्या शेवटी कुठेतरी असतं. शिव्या देण्याआधी तेवढं खाली जाऊन वाचा.